खोट्या तेलाचा वास

“दुसऱ्या मजल्यावर दूध उतू गेलं! तिसऱ्यावर कांदा करपला! आणि चौथ्यावर, म्हणजे आमच्याकडे, आईनं आज माझी चादर धुतली!”

शाळेतून येताना दादा अशी दवंडी पिटत जिना चढायचा. दारं बंद असोत की खिडक्या, त्याच्या नाकाला कुलूप नव्हतं. शेजारणी डोकं बाहेर काढून म्हणायच्या, “मेल्या, झाकण तरी राहू दे रे आमच्या भांड्यावर!” आणि लगबगीनं आत पळायच्या, कारण कांदा खरोखरच करपलेला असायचा. धाकटी बहीण वर कठड्याला लटकून हा आवाज ऐकायची. अर्धा पोराचा, अर्धा बाप्याचा, मधेच फाटणारा आणि स्वतःवर बेहद्द खूश असलेला आवाज.

दादा कॉलेजात गेला आणि ती दवंडी थांबली. दादालाच आता दुसरे आवाज ऐकू यायला लागले होते. भिंतीतून कुणीतरी त्याला नाव घेऊन बोलायचं, आणि चांगलं काही बोलायचं नाही. त्याच सुमाराला आईला त्याच्या कोटाच्या खिशात गांजाची पुडी सापडली. आईनं दोन आणि दोन चार केले. त्या दिवसापासून घरात त्या झाडाचं नाव कुणी घेतलं नाही. “तो पाला,” एवढंच म्हणायचं. “त्या पाल्यानं माझं पोर नेलं,” आई म्हणायची, आणि म्हणताना हातातली वस्तू दाणकन खाली ठेवायची. घरातले दोन कप त्यातच गेले.

पण नेलेलं पोर परत आलं. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, बरीच पानगळ आणि बरीच पालवी झाली, आणि दादा परत आला. जरा जाड होऊन, जरा सावकाश बोलत, पण आला. अर्धं राहिलेलं रसायनशास्त्र पुरं करून तो साबणाच्या कारखान्यात लागला. कुठल्या साबणाला कुठला वास द्यायचा हे आता तोच ठरवतो. गोळ्या चालू आहेत. आवाज अजून कधीमधी येतात, पण शेजाऱ्याच्या घरी रेडिओ लागल्यासारखे. “लावू दे की त्याला,” दादा म्हणतो, “आपण आपलं दार लावून घ्यायचं.”

धाकटी शिकली, मनाच्या रोगांची डॉक्टर झाली, मग संशोधनात शिरली. आणि जगात इतके विषय पडलेले असताना तिनं नेमकं ते झाड उचललं. त्या झाडाच्या पोटात द्रव्यांचं मोठं खटलं नांदतं. त्यातलं एक द्रव्य माणसाचं डोकं फिरवतं, ज्याचं आधीच नाजूक आहे त्याचं तर फारच. पण त्याच्याच पाठचं एक भावंड आहे शांत स्वभावाचं. ते माणसाला झिंगवत नाही, आणि कदाचित, कदाचितच, कानातला कालवा थोडा खाली आणत असेल. धाकटीचं सारं काम त्या ‘कदाचित’वर उभं होतं.

आईला मात्र तिनं एवढंच सांगितलं होतं, “मी तेलांवर काम करते, डोक्याच्या आजारासाठी.” आईनं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं आणि इमारतीत सांगितलं, “माझी मुलगी डोक्याच्या तेलावर संशोधन करते.” तेव्हापासून जिन्यात भेटेल ती शेजारीण धाकटीला थांबवून आपला भांग दाखवायची. “बघ गं, इथून पार विरळ झालेत. एखादी बाटली दे की.”

“अजून तयार नाही, काकू,” धाकटी म्हणायची. ते खोटंही नव्हतं.

अभ्यासाची रीत अशी होती. ज्यांना आवाज ऐकू येतात अशा माणसांनी आपली नेहमीची औषधं चालू ठेवायची, आणि शिवाय सकाळ-संध्याकाळ जिभेखाली थेंब घ्यायचे. निम्म्या बाटल्यांत झाडातलं द्रव्य, निम्म्यांत नुसतं तेल. त्या दुसऱ्याला सगळे ‘खोटं तेल’ म्हणत. कुणाला खरं मिळालं आणि कुणाला खोटं, हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही नसतं. माहीत झालं की संपलंच. खरंवाला उगीच हुरळतो, खोटंवाला उगीच हिरमुसतो, आणि औषधानं काय केलं नि मनानं काय केलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

मोठ्या अभ्यासाआधी छोटी रंगीत तालीम चालू होती. एका सकाळी धाकटी दवाखान्यात आली, तर बसायच्या खोलीत माणसांच्या दोन फळ्या पडलेल्या. खिडकीजवळच्या बाकावरचे लग्नातल्या वरपक्षासारखे ऐटीत. भिंतीकडच्या बाकावरचे तोंडं पाडून. मधे उभे शिंपीकाका, गळ्यात मोजपट्टी, जणू पंच.

“काका, ही वाटणी कुणी केली?”

“जिभेनं केली, मॅडम. आम्ही सगळ्यांनी सगळ्यांच्या बाटल्यांतला एकेक थेंब बोटावर घेऊन चाखला.”

“एकमेकांचं औषध चाखलंत तुम्ही?”

“औषध कुठलं! तीच तर पंचाईत. निम्म्यांच्या बाटलीत औषध नाहीच!” आणि काकांनी हात वर करून ठेका धरला, बाकड्यांनी साथ दिली:

*खरं तेल कडू गं बाई, खोटं तेल गोड,*
*खोट्याच्या नादी लागून मोडली माझी खोड!*

धाकटीला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिनं ओळखलं, तालीम बुडाली. भिंतीकडच्या बाकावरून टॅक्सी चालवणारी बाई उठली. “मी काही उद्यापासून येत नाही. नुसतं तेलच घ्यायचं, तर घरी कोबी परतीन त्यात.” तिच्या मागोमाग तो बाक हळूहळू रिकामा झाला.

ज्या समितीच्या परवानगीनं अभ्यास चालायचा, तिनं धाकटीला बोलावून घेतलं. बोलणं गोड होतं, निकाल कडू. पुढच्या बैठकीपर्यंत दोन्ही तेलं चवीला आणि वासाला अशी जुळवा की फरक कळणार नाही. जुळलं तर मोठा अभ्यास सुरू. नाही जुळलं, तर गुंडाळा.

धाकटीच्या जोडीला एक औषधनिर्माते होते, उंच, वाकलेले, खिशात कायम भिंग. सगळे त्यांना भिंगवालेच म्हणत. त्यांनी बाह्या सरसावल्या. कडूपणाचा प्रश्न त्यांनी चुटकीसरशी सोडवला. साखरेपासून बनणारा पण जिभेला कडू लागणारा एक पदार्थ असतो. “साखरेच्या घरात जन्मून कडू निघालं, मॅडम. आमच्या मेव्हण्यासारखं.” पहिल्या वेळी हात जरा सैल पडला. दोन दिवस त्यांना चहाची चव कळली नाही. पण चव जुळली.

वास जुळेना. खऱ्या तेलाला ओल्या गवताचा वास होता, त्यात मिऱ्याची फोडणी, त्याखाली आणखी काहीतरी, बोटात धरायला जावं तर निसटणारं. भिंगवाल्यांनी केलेल्या पहिल्या नमुन्याला भिजलेल्या सतरंजीचा वास आला, दुसऱ्याला त्याच सतरंजीवर झोपलेल्या कुत्र्याचा.

“मॅडम,” ते एकदा नाक चोळत म्हणाले, “तुमचे बंधू साबणाच्या कारखान्यात वासाचे राजे आहेत ना?”

“नाही,” धाकटी म्हणाली.

“नाहीत?”

“आहेत. पण नाही.”

त्यांना कसं सांगणार? वासाला सगळ्या जुन्या वाटा पाठ असतात. ज्या वासामागून दादाच्या घरात ती नको असलेली मंडळी शिरली, तोच वास आपण हातानं नेऊन त्याच्या नाकाखाली धरायचा? अभ्यास गेला तर दुसरा करता येईल. दादा एकच होता.

शनिवारी धाकटी आई-दादाकडे जेवायला यायची. जेवून निघाली की दादा तिला बसच्या थांब्यापर्यंत पोचवायचा. त्या शनिवारी चालता चालता तो म्हणाला, “ठमे, तोंड का पाडलंयस? तेल जमत नाही का?”

“कुठलं तेल?”

“तुझ्या कोटाला पहिल्या दिवसापासून पाल्याचा वास येतो. माझ्यापासून काय लपवतेस?”

धाकटी जागच्या जागी थांबली. “मग बोलला का नाहीस?”

“तू बोलली नाहीस म्हणून. म्हटलं, मोठी झाली पोरगी, असेल एखादं गुपित. मला वाटलं होतं कुणी मुलगा-बिलगा असेल. निघालं झाड!”

मग तिनं सगळं सांगितलं. बाक, शिंपीकाका, कोबी, समिती, सतरंजी, कुत्रा. दादा हसून हसून विजेच्या खांबाला टेकला. “म्हणजे माझी शहाणी बहीण खोटं तेल करते, लोकांना ते खोटं आहे हे कळतं, म्हणून रडते! अगं, साधं खोटं बोलता येत नाही तुला, तू तेल कसलं खोटं करणार?”

“हसू नकोस. अभ्यास बंद पडेल.”

“मग घेऊन ये की ते माझ्याकडे.”

“आणि त्या वासानं ते आवाज पुन्हा आले तर?”

दादानं डोळे पुसले. “ते येतातच कधीमधी, ठमे. वासाची वाट बघत ताटकळलेत असं नाही. पण तुझ्या जिवाला घोर नको. माझ्या डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले तर हो.”

तिनं विचारलं. दादाचे डॉक्टर म्हणाले, हुंगायला हरकत नाही. जिभेला लावायचं नाही, तुम्ही जवळ बसा, आणि तुमचे बंधू थांब म्हणाले की थांबायचं.

कारखान्यातली दादाची खोली लहानशी होती. तपकिरी बाटल्यांनी भिंती भरलेल्या, मधे काट्याचा नाजूक तराजू, पेल्यात उभ्या केलेल्या कागदाच्या पट्ट्या. खिडकी सताड उघडी. धाकटीनं खऱ्या तेलात पट्टी बुडवली आणि त्याच्या हातात दिली. दादानं डोळे मिटले आणि पट्टी नाकाखाली धरली. बरोबर आलेले भिंगवाले पट्टीकडे बघत होते. धाकटी दादाच्या चेहऱ्याकडे.

त्यानं एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. कपाळावर आठी आली. धाकटीचा हात आपोआप पुढे झाला.

“दादा?”

“थांब गं, गर्दी आहे.”

“कसली गर्दी?” तिचा आवाज चिरकला.

दादानं एक डोळा उघडला. “वासांची! तुला काय वाटलं?” मग तो मऊ होऊन म्हणाला, “मी ठीक आहे. खरंच. बस खाली, श्वास घे. मला घेऊ दे तो नाकानं, तू घे तोंडानं.”

कामाला लागल्यावर दादा म्हणजे बघत राहावं. बढाया मारत, गुणगुणत, थेंब मोजत, पट्ट्या हवेत हलवत. “हा गवताचा. हा मिऱ्याचा. हा मागे अंग चोरून उभा आहे तो देवदाराचा भाऊबंद. आता बघा, साक्षात जुळं करून देतो.” पहिलं जुळं भिंगवाल्यांनी हुंगलं आणि अदबीनं म्हणाले, “छान आहे हो. आंघोळ करावीशी वाटते.” दादाचं नाक लाल झालं. दुसऱ्याला पुन्हा साबण. तिसऱ्याला दाढीचा साबण. “हाताला सवय लागलीय मेली,” दादा म्हणाला, “काही केलं तरी माणूस स्वच्छच निघतो.”

बऱ्याच फेऱ्यांनंतर सगळं जुळलं, पण एक सूत कमी पडत होतं. “खऱ्यात एक म्हातारा वास आहे,” दादा म्हणाला. “गवत, मिरी यांच्या खाली. थकलेला. बाटल्यांत शोधून सापडत नाही.”

“म्हातारा,” धाकटी पुटपुटली. मग ताडकन उठली. “ते तेलच आहे! द्रव्य विरघळावं म्हणून आपण खरं तेल तापवतो. खोट्यात विरघळवायला काहीच नाही, म्हणून ते कधी आचेवर गेलंच नाही. ते कोवळंच राहिलंय!”

भिंगवाल्यांनी कपाळावर हात मारला. खोटं तेलही तेवढ्याच आचेवर तेवढाच वेळ ठेवलं, निववलं, दादाचे थेंब पाडले, कडू साखर घातली. दादानं दोन्ही पट्ट्या हुंगल्या, हातात बदलल्या, पाठीमागे नेऊन पुन्हा बदलल्या, पुन्हा हुंगल्या. “ठमे,” तो म्हणाला, “यातली खरी कुठली?” आणि तिला हसावं की रडावं ते कळेना, कारण तिलाही माहीत नव्हतं.

शिंपीकाकांना आणि दोन्ही बाकांना बोलावणं गेलं. प्रत्येकापुढे तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी, वेगळी ओळखायची. काकांनी तिन्ही थेंब जिभेवर घोळवले, छताकडे बघितलं, मोजपट्टी कुरवाळली. “तिन्ही खरी,” ते म्हणाले. “तिन्ही खोटी,” टॅक्सीवाली बाई म्हणाली. “तुमच्या जिभेला काय कळतंय? सुया धरून बधिर झालीय ती!” “आणि तुमची पेट्रोलच्या धुरानं!” खिडकीचा बाक भिंतीच्या बाकाशी भांडला, मग आपापसात भांडला, आणि बघता बघता सगळे मिसळून बसले. धाकटीला वाटलं, यांच्या या भांडणाचं एखादं चित्र काढून समितीपुढे ठेवावं.

तशी गरज पडली नाही. समितीनं निकाल बघून मान डोलावली. एकच अट घातली. तेलाचा प्रत्येक नवा घाणा ज्या नाकानं जुळवला त्याच नाकानं तपासायचा, तरच बाटल्या भरायच्या. म्हणजे अभ्यास दादाच्या नाकाला बांधला गेला.

आनंदाच्या भरात भिंगवाल्यांनी एक चूक केली. दादाचं अभिनंदन करायला त्यांनी घरी फोन लावला, आणि तो आईनं उचलला. “आई, धन्य तुमची!” ते म्हणाले. “गांजाच्या तेलाचा वास काय जुळवलाय तुमच्या मुलानं!”

पुढच्या शनिवारी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. दादा समोर सोलायला बसला होता, सोलण्यापेक्षा खात जास्त. धाकटी दारातून आत आली तशी आई वर न बघता म्हणाली, “ये. तर ते डोक्याचं तेल म्हणजे हे.”

“आई, ऐक ना...”

“अख्ख्या इमारतीला सांगून बसले, माझी मुलगी केस गळायचे थांबवणार म्हणून! तिसऱ्या मजल्यावरची तर बाटली घेऊन उभी आहे!” दादाला ठसका लागला. “तू हसू नकोस रे. आणि मटार तोंडात टाकू नकोस.” मग तिचा सूर उतरला, आणि तो उतरलेला सूर ओरडण्यापेक्षा जड होता. “त्या पाल्यानं माझं पोर नेलं. किती कष्टानं परत आणलं मी त्याला. आणि तू, सख्खी बहीण, तोच पाला त्याच्या नाकाशी नेतेस?”

धाकटी शेजारी बसली. तिनं द्रव्यांची भावंडं सांगून पाहिली, कुठलं डोकं फिरवतं, कुठलं नाही. त्याचे डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. शिंपीकाकांचं सांगितलं, बरेच महिने दुकान बंद ठेवून घरात बसलेले काका आता गाणी रचतात ते.

“त्यांचं भलं होवो,” आई म्हणाली. “पण माझा मुलगा तिथं पुन्हा जाणार नाही. यापुढे त्या तेलाचं नाव या घरात नको.”

धाकटीनं एक शेंग उचलून सोलली. दादाचं नाक नाही म्हणजे घाणा नाही, घाणा नाही म्हणजे अभ्यास नाही. पण आईच्या अंगठ्याचं नख शेंगेत खोल रुतलं होतं, आणि ते तिला बघवत नव्हतं.

“बरं,” ती म्हणाली. “नाही जाणार तो. समितीला मी सोमवारी कळवते. दुसरा विषय घेईन.”

आईनं मान हलवली. पुढची शेंग उचलली. 

“नको कळवूस,” दादा म्हणाला.

त्यानं हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली. गुडघ्यांवर हात पुसले.

“आई, आवाज आधी आले होते. पाल्याच्या आधी. कॉलेजात जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, गच्चीवर झोपायचो ना आपण, तेव्हापासून. मी कुणाला बोललो नाही. वाटलं, जातील. गेले नाहीत. मग एकानं सांगितलं, हे ओढ, डोकं शांत होतं, म्हणून पाला आणला. चार दिवस झालंही शांत. मग ते दुप्पट होऊन आले. पाल्यानं माझं वाईट केलं, ते खरंच आहे, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्यांना घरात त्यानं नाही आणलं.”

धाकटीच्या हातातला दाणा तसाच राहिला. आधी काय आलं, हे ती किती जणांना विचारत आली होती. घरात मात्र तिनं ते कधी विचारलं नव्हतं.

“मग इतकी वर्षं...” आई त्याच्याकडे वळली. “मी त्या पाल्याला इतकं बोलले, तू ऐकत बसलास. तेव्हाच का नाही सांगितलंस रे?”

“तू तेव्हा आठवडाभर रडत होतीस, आई. आपलं काय चुकलं, पोटात असताना काय खाल्लं, लहानपणी कधी मारलं, सगळं उगाळत होतीस. मी दाराआडून ऐकायचो. मग तुला ती पुडी सापडली, आणि तू रडायची थांबून शिव्या द्यायला लागलीस. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, दे, झाडालाच दे. शिव्या द्यायची ती जागा तुझ्याकडून काढून घ्यायला माझं मन धजलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं, आई. तेव्हाही नाही, त्याआधीही नाही. ते आपले आपण आले.”

आईनं मटारचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं आणि धाकटीला म्हणाली, “नको कळवूस समितीला.”